छेद कुणासाठी कमी होतो?

प्रति,
मा. अध्यक्ष,
विद्यापीठ अनुदान आयोग,
बहादुरशाह जफर मार्ग, नवी दिल्ली

महोदय,

हे पत्र मराठीत आहे आणि त्याबद्दल मी दिलगिरी व्यक्त करत नाही. संविधानाच्या 350 व्या कलमाने प्रत्येकाला आपलं गाऱ्हाणं संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत सरकारदरबारी मांडण्याचा हक्क दिला आहे. दिल्लीत इतकी वर्षं काढली, पण हा हक्क आज पहिल्यांदाच वापरते आहे. त्याला कारणही आहे. हे गाऱ्हाणं ज्या मुलामुलींचं आहे, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचे आईवडील परभणीत, चंद्रपुरात, जतला बसून फोनची वाट बघत असतात. ‘अटेंडन्स शॉर्ट आहे’ म्हणजे नेमकं काय, हे त्यांना कुणी नीट सांगितलेलं नसतं. हे पत्र आपल्या हाती पडण्याआधी त्यांनी वाचलं तरी माझं अर्धं काम झालं.

मी दिल्लीत गणित शिकवलं. निवृत्तीआधीची काही वर्षं आमच्या महाविद्यालयाच्या हजेरी समितीवर होते. महाविद्यालयाचं नाव सांगत नाही, कारण जे सांगणार आहे त्यात मीही सामील होते आणि कुण्या एका इमारतीवर खापर फोडून मला मोकळं व्हायचं नाही.

नोव्हेंबरचा दुसरा-तिसरा आठवडा. बाहेर धुरकट ऊन, आत ऑफिससमोरच्या बोळात रांग. भिंतीवर ‘डिटेन’ होणाऱ्यांची, म्हणजे हजेरी कमी म्हणून परीक्षेला बसू न देता रोखलेल्यांची, तात्पुरती यादी लागलेली असते. पुण्या-मुंबईकडे तिला डिफॉल्टर लिस्ट म्हणतात. तिकडे ‘टर्म ग्रँट’ होत नाही, इकडे मूल ‘डिटेन’ होतं. शब्द वेगळे, पोटात येणारा गोळा तोच. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची पारदर्शक फाइल. वर अर्ज, अर्जावर कारणाच्या तीन चौकटी: आजारपण, खेळ, एनसीसी किंवा एनएसएस. योग्य चौकटीत खूण करायची, खाली पुरावा टाचायचा आणि समितीपुढे उभं राहायचं. एका दुपारी आम्ही शंभरेक फायली बघायचो. एका फाइलच्या वाट्याला जेमतेम दीड मिनिट यायचं.

एका वर्षी त्या रांगेत परभणीकडचा एक मुलगा होता. दुसऱ्या वर्षाचा. माझं आडनाव वाचून त्याने मराठीत बोलायला सुरुवात केली, मग बाकीचे सदस्य बघताहेत हे लक्षात येऊन हिंदीवर आला. सप्टेंबरात त्याच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला होता. हा सचखंड एक्स्प्रेसने, जनरलच्या डब्यातून, उभ्याने गावाकडे गेला आणि तीन आठवडे रुग्णालयाच्या व्हरांड्यात झोपला. घरी आई आणि शाळकरी बहीण. दुसरं कोण करणार होतं? फाइलमध्ये त्याने जे खरं होतं तेच लावलं होतं: वडिलांच्या नावाचं डिस्चार्ज कार्ड, औषधाच्या दुकानाची बिलं, परतीचं तिकीट.

समितीने अर्ज नाकारला. नियमाला धरूनच नाकारला. आजारपणाच्या चौकटीत आजारी विद्यार्थी बसतो, आजाऱ्याची शुश्रूषा करणारा बसत नाही. ‘पेशंट तू नव्हतास,’ हे वाक्य माझ्या शेजारच्या खुर्चीतून आलं. मी काही बोलले नाही. ऑफिसातल्या बाबूंनी टाचणी काढून डिस्चार्ज कार्ड त्याच्या हातात परत दिलं आणि दबक्या आवाजात, अगदी मायेने म्हणाले, ‘बेटा, ये काम का नहीं है। अपने नाम का बनवा ले।’

दोन दिवसांनी तो आपल्या नावाचा कागद घेऊन आला. व्हायरल फीवर, एकवीस दिवस सक्तीची विश्रांती, खाली गोल शिक्का. त्याच शिक्क्याचं त्या दिवशीचं ते माझ्यापुढचं सहावं की सातवं सर्टिफिकेट. अर्ज मंजूर झाला. सही करणाऱ्यांत मी होते. मुलगा खरं घेऊन आला तेव्हा आम्ही त्याला परत पाठवलं आणि खोटं घेऊन आला तेव्हा आत घेतलं. जाताना त्याने खाली वाकून नमस्कार केला. तो नमस्कार मला अजून टोचतो.

महोदय, आता थोडं गणित करते, कारण मला दुसरं फारसं काही येत नाही.

समजा एका विषयाची सत्रात 48 व्याख्यानं झाली. दिल्ली विद्यापीठाच्या अध्यादेशानुसार परीक्षेला बसायला दोन-तृतीयांश हजेरी लागते, म्हणजे 32. आमच्या परभणीच्या मुलाची भरली 30. टक्केवारी 62.5. डिटेन. त्याच वर्गातल्या एका एनसीसी कॅडेटचीही भरली 30. पण तो शिबिराला गेला होता तेव्हा झालेली 12 व्याख्यानं त्याच्यासाठी धरायचीच नाहीत, असं तोच अध्यादेश सांगतो. म्हणजे 48 ऐवजी 36, आणि 36 पैकी 30 म्हणजे 83 टक्क्यांच्या वर. अंश दोघांचा एकच. फरक छेदात आहे. मुलगा तीन आठवडे बापाच्या उशाशी बसला तेव्हाही व्याख्यानं 12च बुडाली होती. त्याचा छेद मात्र कुणी कमी केला नाही.

गैरहजेरी माफ होणं म्हणजे प्रत्यक्षात हा छेद कमी होणं. एनसीसीची शिबिरं, एनएसएसची कामं, आंतरमहाविद्यालयीन सामने, वादविवाद स्पर्धा यांच्यासाठी तो कमी होतो आणि व्हायलाच हवा. मेडिकलचा प्रकार आणखी चमत्कारिक. दिल्ली विद्यापीठाच्या अंतर्गत मूल्यमापनात हजेरीला गुण आहेत. मेडिकल सर्टिफिकेट परीक्षेला बसण्यापुरतं चालतं, हजेरीच्या गुणांसाठी ते धरलं जात नाही. खरोखर टायफॉइड झालेली मुलगी परीक्षेला बसेल, पण वर्गात नव्हती म्हणून गुण गमावेल. तापाला माफी आहे ती एवढीच. घरातलं मरण, घरातली शुश्रूषा, नैराश्याने अंथरुणातून उठता न येणं, पाळीच्या असह्य वेदना, फीसाठी केलेली रात्रपाळी यांना त्या तीन चौकटींत जागाच नाही. मग जे चौकटीत बसत नाही ते व्हायरल फीवर होऊन येतं. आम्ही समितीवरची माणसं विनोद करायचो की दिल्लीत दर नोव्हेंबरला एक साथ येते आणि परीक्षेचं हॉल तिकीट मिळालं की ती ओसरते. आता त्या विनोदाचं हसू येत नाही. विशी-एकविशीच्या पोरांना सरकारी दारात पहिला धडा आम्ही हा देत होतो: खरं कारण सांगू नकोस, चालणारं कारण आण.

आणि दिल्लीत सगळ्यांना एकदम वर्गात न येण्याची मुभा मिळते, तेही आपण पाहिलं आहे. 2024 च्या नोव्हेंबरात हवा इतकी बिघडली की दिल्ली विद्यापीठाने आणि जेएनयूने काही दिवस वर्ग ऑनलाइन नेले. कुणी कुणाकडे सर्टिफिकेट मागितलं नाही. हवा वाईट आहे हे सगळ्यांना दिसत होतं. एकट्या मुलाच्या घरातली हवा बिघडते तेव्हा ती इतरांना दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

ही गोष्ट नुसत्या गैरसोयीची नाही, हे दिल्लीने 2016 साली पाहिलं. त्या ऑगस्टमध्ये कायद्याच्या तिसऱ्या वर्षाचा सुशांत रोहिल्ला हा विद्यार्थी हजेरी कमी भरली म्हणून सत्र परीक्षेला मुकला आणि त्याने आयुष्य संपवलं. त्याच्या मित्राच्या पत्राची दखल सर्वोच्च न्यायालयाने घेतली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयाकडे आलं आणि 3 नोव्हेंबर 2025 ला न्या. प्रतिभा सिंह आणि न्या. अमित शर्मा यांच्या खंडपीठाने निकाल दिला. हजेरी कमी आहे म्हणून कायद्याच्या कोणत्याही विद्यार्थ्याला परीक्षेपासून रोखू नये, असं त्यात म्हटलं आहे. हजेरी दर आठवड्याला पोर्टलवर किंवा अॅपवर दाखवा, कमी पडत असेल तर महिन्याला पालकांना कळवा, जादा वर्ग घ्या, मूट कोर्ट आणि चर्चासत्रांना श्रेय द्या. इतकं करूनही भरली नाही तर गुणांत थोडी कपात करा, पण परीक्षेचं दार लावू नका. बार कौन्सिल ऑफ इंडियालाही आपला नियम पुन्हा तपासायला सांगितलं. तो नियम 2008 चा: विषयवार 70 टक्के, आणि अपवादात्मक कारण असेल तर अधिष्ठात्यांच्या अधिकारात 65. मधल्या काळात बार कौन्सिल कुठल्या दिशेला चालली होती? 2024 च्या सप्टेंबरातल्या परिपत्रकात तिने बायोमेट्रिक हजेरी आणि वर्गात कॅमेरे सांगितले. अंगठा उमटला की माणूस आला, हे यंत्राला कळतं. तो काल का आला नाही, हे त्याला विचारता येत नाही.

या निकालाचं पुढे काय व्हायचं ते होवो. तो कायद्याच्या विद्यार्थ्यांपुरता आहे, आणि माझ्या मते प्रश्नाच्या एकाच टोकाला हात घालतो. शिक्षा सौम्य झाली, हे फार चांगलं झालं. पण खऱ्या कारणाला जागा मिळाली का? ती देणं न्यायालयाचं काम नाही. ते आपलं आहे.

जागा नसली म्हणजे काय होतं, हे पाहायचं तर गरोदर विद्यार्थिनींची प्रकरणं बघा. 2010 मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या कायद्याच्या विद्यार्थिनींना याच उच्च न्यायालयाने दिलासा दिला: गरोदरपणामुळे हजेरी कमी भरली म्हणून परीक्षा नाकारू नका. 2018 मध्ये तशाच एका विद्यार्थिनीला त्याच न्यायालयाने नकार दिला, अभ्यासक्रम व्यावसायिक आहे म्हणून. 2021 च्या डिसेंबरात आपल्या आयोगाने विद्यापीठांना पत्र पाठवलं की विद्यार्थिनींसाठी प्रसूती रजेचे नियम करा, हजेरीत सवलत द्या. तरीही 2023 मध्ये मीरतच्या विद्यापीठातल्या एम.एड.च्या विद्यार्थिनीला रजेसाठी पुन्हा न्यायालयातच जावं लागलं. न्यायालयाने तिच्या बाजूने कौल दिला. पण बाळंतपण काय वकील गाठून करायचं? त्याच वर्षी कोचीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विद्यापीठाने मासिक पाळीसाठी विद्यार्थिनींना हजेरीत दोन टक्के जादा सवलत दिली आणि केरळने ती कल्पना राज्यभरातल्या विद्यापीठांसाठी उचलली. कुणालाही पुरावा मागितला नाही, कुणाला बोळात उभं केलं नाही. करायचं ठरवलं की होतं.

‘मग हजेरीच रद्द करा,’ असं म्हणणारे मित्र मला आहेत. जेएनयूने 2017 च्या डिसेंबरात हजेरी सक्तीची केली तेव्हा विद्यार्थ्यांनी आणि कित्येक प्राध्यापकांनीही तिला विरोध केला आणि हे मित्र आनंदले. मी त्यांच्यात नाही. सकाळी साडेआठच्या वर्गात चार मुलांपुढे मी कलन शिकवलं आहे. बाकीची मुखर्जीनगरच्या क्लासला किंवा इंटर्नशिपला गेलेली. प्रॉक्सीचे आवाजही मला ओळखू यायचे. एकच मुलगा तीन वेगवेगळ्या गळ्यांनी ‘प्रेझेंट मॅम’ म्हणायचा, त्याचं मला कौतुकही वाटायचं. सगळेच बिचारे नसतात, हे मला ठाऊक आहे.

पण सक्तीच्या बाजूने माझं खरं कारण वेगळं आहे. हरियाणातल्या एका गावाहून रोज दोन बस आणि एक मेट्रो बदलत येणारी विद्यार्थिनी मला एकदा म्हणाली होती, ‘मॅम, यह रूल मत हटवाना। घर पे इसी का नाम लेकर निकलती हूँ।’ पीक कापणीला घरी थांब, पाहुणे येणार आहेत, आज कशाला जायचं, या सगळ्यांपुढे तिच्याकडे एकच उत्तर होतं: हजेरी लागते, नाहीतर परीक्षेला बसू देत नाहीत. हजेरीचा नियम तिच्यासाठी उंबरठ्याबाहेर पडायचा परवाना होता. तो मी कशाला फाडू? आणि नियम नुसता कागदावर ठेवूनही भागत नाही. मुंबईत 2024 मध्ये एका विधी प्राध्यापिकेला उच्च न्यायालयात जनहित याचिका करावी लागली, कारण तिथल्या विधी महाविद्यालयांत 75 टक्क्यांचा नियम पाळलाच जात नाही, असं तिचं म्हणणं होतं. एका शहरात मोजतच नाहीत म्हणून तक्रार, दुसऱ्यात मोजून जीव घेतात म्हणून तक्रार. दोन्हीकडे कारण विचारणारं कुणी नाही.

मोजण्याला माणसाच्या आयुष्याशी जुळवून घेता येतं, हे नवं नाही. बॅरिस्टर होण्यासाठी लंडनच्या ‘इन्स’ या वकिलांच्या संस्थांमध्ये ‘टर्म्स’ भराव्या लागत आणि त्या भरत जेवणांना हजर राहून. एका सत्रात चोवीसेक जेवणं, त्यांतल्या सहांना बसलं की सत्र पुरं, असं गांधीजींनी आत्मकथेत लिहून ठेवलं आहे. आपल्याकडचा ‘टर्म’ हा शब्द त्याच पंक्तीतला. तिथे हजेरीचा नियम चेष्टेचा विषय होता, तरी माणूस घडायचा थांबला नाही.

आणखी एक गैरहजेरी आठवते, तीन वर्षांची. 1917 साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि भीमराव आंबेडकरांना लंडनचा अभ्यास अर्धा सोडून परतावं लागलं. ते आजारी नव्हते, शिबिराला गेले नव्हते. पैसे संपले होते. आपल्या अर्जावर या कारणाला चौकट नाही. पण लंडन विद्यापीठाने त्यांना चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करायची मुभा दिली. त्यांनी मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, 1920 मध्ये ते परत गेले आणि 1923 मध्ये रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधासाठी त्यांना डी.एस्सी. मिळाली. विद्यापीठाने दर्जा सोडला नाही, प्रबंध कठोरपणेच तपासला. सोडला फक्त कॅलेंडरचा हट्ट.

म्हणून माझ्या मागण्या लहान आहेत.

पहिली, मंजूर झालेली गैरहजेरी सगळ्यांसाठी छेदातून वजा व्हावी, कॅडेटसाठी होते तशीच, आणि हजेरीचे गुण देतानाही तोच छेद धरावा. दुसरी, सलग तीन दिवसांपर्यंतच्या गैरहजेरीला विद्यार्थ्याचं स्वतःच्या सहीचं निवेदन पुरे व्हावं. कुणी खोटं लिहील, लिहू दे. आजही लिहितातच, फक्त शिक्क्याचे पैसे मोजून. तिसरी, अर्ज गैरहजेरीनंतर दोन आठवड्यांत यावा आणि पुढच्या दोन आठवड्यांत निकाली निघावा. नोव्हेंबरच्या त्या बोळात सत्र संपल्यावर होणारा न्याय हा न्याय नसतो, ती घासाघीस असते. लवकर कळलं तर आठवड्याला एक जादा तास घेता येतो, घरी फोन करून विचारता येतं. चौथी, मोठ्या गैरहजेरीच्या बदल्यात दंड नको, काम द्या. बुडालेल्या बारा व्याख्यानांची उदाहरणं सोडवून आणायला मी त्या मुलाला सांगितलं असतं, तर त्याने आनंदाने आणली असती. मला विचारायचा अधिकारच नव्हता. माझ्या हातात फक्त सही होती.

पाचवी मागणी सगळ्यात स्वस्त आहे. तिला ना पोर्टल लागतं, ना कॅमेरा. अर्जावरच्या तीन चौकटींखाली चौथी चौकट छापा. तिच्यापुढे एवढंच लिहा: ‘काय झालं ते सांगा.’ आणि खाली चार ओळी मोकळ्या सोडा.

परभणीचा तो मुलगा पास झाला. आता कुठे असतो, मला माहीत नाही. वडील त्या हिवाळ्यातच गेले, असं त्याच्या वर्गमित्राकडून कळलं. तेव्हा तो घरी गेला की परीक्षेला बसला, हे विचारायचं मला धाडस झालं नाही. त्याच्या नावापुढे आमच्या दप्तरात आजही एकवीस दिवसांचा व्हायरल फीवर लिहिलेला आहे, आणि त्याखाली माझी सही आहे. टाचणी काढून परत केलेलं ते डिस्चार्ज कार्ड पुढच्या कुणाच्या तरी फाइलला लावलेलं राहावं, म्हणून हे पत्र.

आपली विश्वासू,
गणिताची एक निवृत्त शिक्षिका
वसुंधरा, गाझियाबाद